नथ्थूकाकांच्या चकत्या

जळगाव जामोदला एक रंगारी होता आणि त्याला रंग ओळखता येत नव्हते.

हे वाक्य मी आजवर लग्नांत सांगितलं, बारशांत सांगितलं, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही सांगितलं. हशा हमखास. मग मी पंगतीची गंमत सांगतो, आत्याबाईंची सांगतो, पोळ्याच्या बैलाची सांगतो. शेवटी कुणीतरी विचारतंच, "त्यांनी रंगवलेली एखादी चकती असेल ना तुमच्याकडे?" मी म्हणतो, नाही. एकही नाही. आणि तिथे गोष्ट थांबवतो, कारण तिथवरच ती मजेची आहे. आज थांबणार नाही.

मी तेव्हा पंचवीसचा, पोस्टात कारकून. माझं गाव बीबी, लोणार तालुक्यातलं, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचं पार खालचं टोक. नेमणूक जळगाव जामोदला, म्हणजे पार वरचं, जिथे पोस्टाच्या खिडकीतून सातपुडा दिसतो. महाराष्ट्र राज्य होऊन दशक उलटलं होतं, तरी काही म्हातारे पाकिटावर अजून 'मध्यप्रांत व वऱ्हाड' लिहून आणत. मी ते खोडलं की माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांचं शेतच खोडलंय.

खोली मिळाली ती रंगारी आळीत. आळी नावाला. रंगारी उरला होता एकच, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून मी राहत होतो. नथ्थूकाका. पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित पुढे झुकलेले. हात कोपरापर्यंत रंगलेले, आणि दहा नखं दहा रंगांची. त्या आठवड्यात कायकाय काम झालं ते नखांवर वाचून घ्यावं. पण कपडे? पांढरंशुभ्र धोतर, पांढराशुभ्र सदरा, त्यावर एक शिंतोडा नाही. आयुष्यभर उकळत्या रंगाशेजारी बसलेला माणूस, आणि डाग औषधालाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अंगावर सांडला तं भांड्यात कमी पडते ना बाबूजी."

मला ते पहिल्या दिवसापासून बाबूजी म्हणत. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण पोस्टातला म्हटल्यावर बाबूजी. काकांची बायको सखूबाई जाऊन तीनेक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी एकदा चूल पेटे, एका माणसाच्या भाकरी होत, आणि संध्याकाळी त्यातलीच उरलेली भाकरी ते ओट्यावर बसून खात. मला तेवढंच ठाऊक होतं, आणि त्या वयात तेवढं पुरे वाटत होतं.

आता चकत्या कुठून आल्या ते सांगतो.

गावात फुलचंदशेठ नावाचे भांड्यांचे व्यापारी होते. लग्नाच्या पंगतींसाठी भांडी तेच पुरवत. त्यांनी मोठ्या हौसेनं मुंबईच्या एका कारखान्याकडून प्लास्टिकच्या पांढऱ्या थाळ्या मागवल्या. पोती आली. पोत्यांतून निघाला एक भलताच प्रकार: गोल, हलका, मधे फुगीर, काठ आत वळलेला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हे परदेशी धर्तीचं खेळणं आहे, मैदानात एकानं फेकायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. शेठजींनी चिठ्ठी फाडली आणि माल पंगतीत उतरवला.

त्या पंगतीला मी होतो. उलटी ठेवली की ती वस्तू थाळीसारखी दिसे, यात खोटं नाही. पण बूड फुगीर असल्यामुळे भात कालवायला बोट लावलं की थाळी जागच्या जागी फिरू लागे. वांग्याची भाजी आत्ता तुमच्यापुढे, तर पुढच्या घासाला पार पलीकडे. अख्खी पंगत डाव्या हातानं थाळी धरून, उजव्या हातानं आपल्याच भाजीचा पाठलाग करत होती. नवरदेवाचा मामा शेवटी उठला आणि ओरडला, "शेठ, जेवाले बसवलं का जत्रेतल्या पाळण्यात?"

दुसऱ्या दिवशी शेठजींनी पोती नथ्थूकाकांच्या ओट्यावर आणून टाकली. "ने बे नथ्थू, माह्या नजरेसमोरून ने. तुले काई करता आलं तं कर."

काकांना ते करता येण्यासारखं होतं, आणि ते गावात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्याआधी काही वर्षं टेरिलीनचं कापड आलं होतं. सुताचा रंग टेरिलीनवर बसेना. पहिल्याच धुण्यात सगळा पाण्यात. म्हणून काकांनी खामगावहून टेरिलीनची वेगळी भुकटी आणवली. घरच्या चुलीवर तिचं पाणी उकळून त्यांनी एकदा घरातला पांढरा प्लास्टिकचा मग त्यात बुडवला, आणि मग कायमचा रंगला. चिंचेनं घासला, राखेनं घासला, ढिम्म. दुसरा कुणी मगाला हळहळला असता. काका तो मग हातात घेऊन शेजारच्या पार्वतामावशीच्या दारात गेले आणि म्हणाले, "वहिनी, हा पाहा. हा कोणता रंग म्हणाव?"

मावशी म्हणाली, "वांग्याचा." तेव्हापासून तो मग वांग्याचा.

चकत्या हातात पडल्यावर काका जे काही करू लागले, ते बघायला मी पोस्ट बंद झाल्यावर धावत येत असे. सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन घ्यायचे आणि बोरूनं चकतीवर चित्र काढायचे. सोल्युशन वाळलं की चकती गरम रंगात. जिथे सोल्युशन, तिथे रंग शिरत नाही. मग नखानं ते रबर अलगद ओढायचं, की खाली पांढरी रेघ, खपलीखालच्या नव्या कातडीसारखी. आधी फिकट रंग, मग त्यावर पुन्हा सोल्युशन, मग गडद. पाणी कमी तापलं तर रंग आत जात नाही, जास्त तापलं तर चकतीचं धिरडं होतं. काका पाण्याकडे बघत नसत, कान देत. "पाणी बोलू लागलं का टाका. वरडू लागलं का काढा."

आणि खळीची तऱ्हा तर जादूच. परातीत ज्वारीच्या पिठाची दाट खळ. तिच्यावर रंगाचे थेंब सोडायचे, केरसुणीच्या काडीनं ते ओढायचे, की मोराचे डोळे उठावेत, ढग उठावेत, सापाची कात उठावी. त्यावर चकती पालथी टेकवायची आणि परात दिवसभर पत्र्यावर उन्हात. उचलेपर्यंत आत काय झालंय ते कुणालाच सांगता येत नसे. मी उतावीळ होऊन काठ उचलून बघायला गेलो की ते माझा हात धरत. "राहू द्या बाबूजी. तिचं तिले करू द्या."

लोकांना त्या फिरत्या थाळ्या नको होत्या, पण रंगीत चकत्या हव्याहव्याशा झाल्या. कुणाला दुकानाच्या कपाळावर लावायला, कुणाला देवघरामागे, आणि बहुतेकांना रुखवतात मांडायला. नवऱ्यामुलीची कलाकुसर म्हणून रुखवतात जे काही मांडतात, त्यात नथ्थूकाकांची चकती नाही तर लग्न कसलं, इथवर गोष्ट गेली.

पण काकांची एक अट होती. झेलल्याबिगर माल नाई.

गिऱ्हाईक आलं की काका ओट्यावरून उतरत, वीस पावलं लांब जाऊन उभे राहत आणि चकती फेकत. ती झेलली तर तुमची, नाही तर पुन्हा. एकदा शोभा नावाच्या नवऱ्यामुलीची आत्या चकती घ्यायला आली. नऊवारीतली, चांगली वजनदार बाई.

"मले हातात द्या ना, भाऊ."

"हातात नाई भेटत, आत्याबाई. झेला लागते."

"मी का पोरगी हाव, उड्या माराले?"

"पडली तं पडली. आपून पुन्हा फेकू. तुमाले काई घाई हाय का?"

आत्याबाईंनी पदर खोचला. पहिली चकती डोक्यावरून गेली, दुसरी गटारात, तिसरी बकरीला लागली. आळी दारादारात जमा. आठव्या वेळी ती चकती त्यांच्या दोन्ही हातांत आणि पोटावर मिळून अडकली, आणि बाईंनी अशी आरोळी ठोकली की मारुतीच्या देवळातले पारवे उडाले. मग ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, शोभाच्या सासरच्या माणसांची नक्कल केली, आणि ऊन उतरल्यावर गेल्या. काका त्या दिवशी फार खूश होते. मला वाटलं, गंमत म्हणून.

पोळ्याला डोंगराकडचा एक शेतकरी बैल घेऊनच आला. बैलाच्या कपाळावर बांधायला त्याला हळदीच्या रंगाची चकती हवी होती. अट ऐकून म्हणाला, "मी कायले झेलू? ज्याची हाय थो झेलीन." काकांनी क्षणभर विचार केला आणि फेकली. आणि काय सांगू, चकती भिरभिरत गेली ती थेट बैलाच्या उजव्या शिंगात जाऊन बसली. बैलानं नुसते डोळे मिटले. काका गंभीरपणे म्हणाले, "झेलली. घेऊन जा."

हे सगळं खरं, पण यांतलं काहीच त्यांच्या रोजच्या रिवाजाच्या तोडीचं नव्हतं. तो रिवाज संध्याकाळचा.

दिवे लागायच्या आधी काका चुलाणावर, म्हणजे ओट्यावरच्या रंगाच्या मोठ्या चुलीवर, भांडं चढवत. भुकट्या मिसळत, ढवळत, आणि फुटलेल्या चकतीचा एक कपटा चिमट्यात धरून रंगात बुडवून वर काढत. मग ओट्यावर जो असेल त्याच्यापुढे धरत. "पाहा बरं. कोणता हाय हा?"

आणि कुणी नाव सांगितल्याशिवाय भांडं खाली उतरत नसे.

किसन टेलर समोरच्या दुकानातून गळ्यात टेप घेऊन येई. "राणी कलर."

"कायचा राणी कलर?" पार्वतामावशी गवार मोडतामोडता म्हणे. "आंबाडीच्या बोंडाचा हाय धडधडीत."

"अहो मावशी, आंबाडीत काळं असते."

"तुह्या दुकानात अंधार असते, म्हणून तुले सगळ्यात काळं दिसते."

मी म्हणे, "रजिस्टर पाकिटावरच्या लाखेसारखा."

"हे पाहा, पोस्टाचं सुरू झालं!"

वाद पेटे. येणारेजाणारे थांबत. कुणी आपल्या बहिणीच्या शालूचा दाखला देई, कुणी जखमेवरच्या औषधाचा. काका डोळे मिटून ऐकत, तोंडावर असं समाधान की पोटभर जेवून उठलेत. शेवटी म्हणत, "आंबाडी. बरं," आणि भांडं उतरवत. मग कुठे लोक घरी जात.

मी याचा सरळ अर्थ लावला: माणसाला रंगच दिसत नाहीत. रंगारी, आणि रंग दिसत नाहीत! मला तर हा खजिनाच सापडला. दिवाळीत बीबीला गेलो तेव्हा नक्कल करून दाखवली, आई हसूनहसून पाणी प्यायला उठली.

आणि मग तो दिवस आला.

काका खामगावच्या भुकटीवाल्याला पत्र लिहून पोस्टात घेऊन आले. मी त्यांना दोन तिकिटं दिली, एकाच किमतीची, एकाच चित्राची. फक्त एक संपत आलेल्या जुन्या पानातलं, दुसरं नव्या पानातलं. काका तिकिटाला थुंकी लावता लावता थांबले.

"बाबूजी, हे दोन येगयेगळ्या घाण्यातले हायेत."

"काय?"

"हे पाहा ना. या उजव्यात निळं चिमूटभर जास्त पडलं. डाव्याचं पाणी जरा लवकर उतरवलं."

असं म्हणून त्यांनी तिकिटं चिकटवली, पाकीट पेटीत टाकलं आणि गेले. मी पेटी उघडली, पाकीट काढलं. उघड्या डोळ्यांना दोन्ही तिकिटं अगदी जुळी. भिंग लावलं, जुळीच. पोस्टाच्या दारात उन्हात नेऊन तिरपं धरलं, तेव्हा कुठे उजवं तिकीट मला किंचित, अगदी किंचित निळसर वाटलं.

मी कसा आहे ते एव्हाना तुम्हाला कळलं असेल. माझ्या पोटात गंमत टिकत नाही. मी दुपारभर ती घोळवली, तिला चढउतार दिले, कुठे थांबायचं ते ठरवलं. त्या पानांतली दोन तशीच तिकिटं विकत घेऊन खिशात घातली. संध्याकाळी ओट्यावर सात-आठ माणसं होती. काकांनी कपटा बुडवला, वर काढला, "पाहा बरं," म्हणाले, आणि मी उभा राहिलो.

"मंडळी! आज मी एक चोर पकडला आहे!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तिकिटं बाहेर काढली. दोन बोटांत धरून सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. काकांच्या आवाजात "निळं चिमूटभर जास्त पडलं" हे म्हणून दाखवलं, अगदी हुबेहूब. आणि शेवटी हात पसरून विचारलं, "ज्या माणसाला हे दिसतं, त्याला तुमची आंबाडी आणि राणी कलर दिसत नाही? काका, किती दिवस बनवलंत हो आम्हाला!"

मी हशासाठी थांबलो.

हशा आला नाही. मावशीच्या हातातली शेंग अर्धी मोडलेली तशीच राहिली. किसन टेलर गळ्यातली टेप गुंडाळू लागला. काका चिमट्यातल्या कपट्याकडे बघत होते. मग ते हसले, खरंच हसले, माझ्यावर मुळीच न रागावता.

"पकडलं बाबूजीनं," ते म्हणाले. "हुशार माणूस."

आणि त्यांनी आपल्या हातानं भांडं खाली उतरवलं. त्या रंगाला कुणी नाव दिलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी लोक आले. काकांनी कपटा बुडवला, वर काढला, स्वतः बघितला, भांडं उतरवलं. किसन टेलरनं उगाच विचारलं, "नथ्थूभाऊ, कोणता झाला?"

"जांभळा," काका म्हणाले.

जांभळा म्हटल्यावर पुढे बोलायचं काय? माणसं थोडा वेळ बसली, हवापाण्याचं बोलली, उठली. तिसऱ्या दिवशी चार आली, आठव्या दिवशी एकही नाही. आणखी थोड्या दिवसांनी मी बघितलं, एक गिऱ्हाईक चकती घ्यायला आलं तर काकांनी ती सरळ हातात दिली. गिऱ्हाईक बिचारं वीस पावलं लांब जाऊन तयारीत उभं होतं. "घ्या," काका म्हणाले. "कायले तरास." ओट्यावर आता चुलाणाचा आवाज तेवढा होता. माझ्या खोलीत भिंतीपलीकडून तो ऐकू यायचा: चिमटा भांड्याच्या काठाला लागल्याचा, लाकूड सरकवल्याचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

मी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "माफी कायची? खरं तेच तं बोलले तुमी."

माझं काय चुकलं ते कळलं पार्वतामावशीकडून, नळावर. तिनं माझी बादली बाजूला सरकवली आणि स्वतःची लावली.

"तुले का वाटलं बाबू, आमाले माहीत नोतं?"

"काय?"

"त्याले रंग दिसतेत म्हणून. साऱ्या आळीले माहीत होतं. थो कवा म्हणला का तुले, मले दिसत नाई म्हणून? थो तं निसतं विचारे. आंधळा तुमी केला त्याले."

पाणी बादलीत पडत होतं. ती आवाज न चढवता बोलत होती, ते जास्त लागत होतं.

"सखू होती तवा थो रंग करे आन थे नाव ठेवे. पोराचं ठेवतेत तसं. तिनं नाव घेतल्याबिगर यानं कवा भांडं उतरवलं नाई. थे गेली, आन सहा महिने यानं चुलाण पेटवलं नाई. मंग एक दिवस थो मग घेऊन माह्या दारात उभा. कोणता रंग म्हणाव, वहिनी? मले का समजलं नाई? म्या म्हणलं, वांग्याचा. दुसऱ्या दिवशी चुलाण पेटलं." तिनं बादली उचलली. "आता तू सांगून देलं समद्याईले. आता कसं विचारीन थो? अन् आमी तरी कोण्या तोंडानं सांगाव?"

मी रिकामी बादली घेऊन परत आलो.

चार-पाच दिवस मी विचार केला. माझ्यासारख्या माणसाला विचार करायला जड जातं, बोलायला सोपं. शेवटी एका संध्याकाळी मी ओट्यावर गेलो.

"काका, मला एक चकती पाहिजे."

"कोणता रंग?" मान वर न करता.

"आमच्या बीबीच्या घराच्या दाराचा."

त्यांनी मान वर केली. "म्या पाह्यलं नाई थे दार."

"म्हणूनच. वडिलांनी बैलगाडीचा उरलेला हिरवा डबा घेतला, देवळाचा उरलेला निळा त्यात ओतला, तरी दार पुरं होईना म्हणून आणखी काय टाकलं ते त्यांनाच ठाऊक. तसला रंग दुसरीकडे कुठेच नाही. फक्त मला माहीत आहे."

"मंग म्या कसा करू?"

"तुम्ही करा. मी सांगतो, झाला की नाही."

काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग आत गेले आणि भुकट्यांच्या पुड्या घेऊन आले. "कडी कशी हाय दाराले?" त्यांनी विचारलं. "साखळीची का आडवी?" मी म्हटलं, साखळीची, आणि एक कडं वाकलेलं. ऊन कुठून येतं तेही विचारलं. सकाळी समोरून, म्हटलं.

पहिल्या दिवशी रंग पोपटाकडे गेला. मी खरंच म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी मोरपिसाकडे. मी खरंच म्हटलं, नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी कपटा वर काढला आणि माझ्यापुढे धरला, आणि ते आमचं दार होतं. तंतोतंत. आत्ता आई साखळी काढेल आणि म्हणेल, इतका उशीर?

"झाला?" काकांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून जरा हिरव्याकडे."

ते कपट्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. ज्याला दोन तिकिटांतलं चिमूटभर निळं दिसतं, त्याला माझ्या तोंडावरचं काय दिसलं नसेल?

"हिरव्याकडे?"

"हो."

"बरं," ते सावकाश म्हणाले. "उद्या पाहू." आणि मग एकदम मान वळवून मोठ्यानं, "वहिनी! ओ वहिनी! जरा या बरं इकडे. बाबूजीले रंग दिसून नाई राह्यला!"

पार्वतामावशी पदराला हात पुसत आली. तिनं कपटा बघितला, मला बघितलं. "अगंमाय," ती म्हणाली, "पोस्टात लाल पेटी कशी सापडते रे तुले?" तेवढ्यात किसन टेलर दुकानाच्या पायऱ्या उतरताना दिसला.

पुढचे दोन महिने आमचं दार काही जमलं नाही. रोज संध्याकाळी काका कपटा काढत, आणि मी म्हणे, जरा निळं, जरा मळकं, जरा उन्हातलं. ज्यांनी बीबी कधी बघितलं नव्हतं ते लोक बीबीच्या दारावरून भांडत. गावभर झालं की पोस्टातल्या बाबूला रंग दिसत नाहीत, आणि लोक मनिऑर्डरच्या फॉर्मचा रंग मला विचारून जात. मी मुकाट्यानं चुकीचा सांगे.

मग बदलीचा हुकूम आला. सुलतानपूर. बीबीपासून हाकेच्या अंतरावर. मी त्यासाठीच अर्ज केला होता, जळगावला आलो त्याच महिन्यात, आणि विसरूनही गेलो होतो.

थंडीचे दिवस. सकाळची बस. ट्रंक टपावर चढली, मी दारात उभा होतो. काका स्टँडवर आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात मागे. वीस पावलांवर थांबले.

"बाबूजी, झेला!"

मला आजवर एकही चकती झेलता आली नव्हती. ही आली ती सरळ छातीवर, आणि माझे हात आपोआप तिच्यावर मिटले. मी ती उन्हात धरली. आमचं दार. तिसऱ्या दिवसाचा, तोच रंग. मधोमध पांढऱ्या रेघेत साखळीची कडी, आणि तिचं एक कडं वाकलेलं.

झेलली म्हणजे माझी. अट काकांचीच. पिशवीचं तोंड उघडं होतं, आणि खरं सांगतो, मला ती फार हवी होती.

"बरोबर हाय ना आता?" काकांनी ओरडून विचारलं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं.

"नाही काका!" मी ओरडलो. "अजून जरा हिरव्याकडे पाहिजे!"

आणि मी ती परत फेकली. माझी फेक ती काय, तिरकी गेली, वर चढली, चहाच्या टपरीकडे वळली. काका चार पावलं धावले आणि धोतराचा सोगा एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती वरच्या वर उचलली. बस निघाली.

मी दारातून वाकून बघत राहिलो. स्टँड रिकामं झालं होतं. काका एकटेच मधोमध उभे, चकती सूर्याकडे तिरपी धरून. बाजारात निघालेली एक बाई डोक्यावर बोरांचं टोपलं घेऊन त्यांच्याजवळून चालली होती. काकांनी तिला काहीतरी विचारलं. बसच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. ती दोन पावलं पुढे गेली. थांबली. मागे वळली.

मग तिनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं.